अभयारण्य आणि महापालिकेची शाळा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने सुमारे बारा किलोमीटर गेले की कर्नाळ्याचा सुळका आकाशात अंगठ्यासारखा उभा राहिलेला दिसतो. त्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रारंभी साडेचार चौरस किलोमीटरांच्या आसपास असलेले हे क्षेत्र २००३ साली वाढविण्यात आले आणि आज ते बारा चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद आहे. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि जवळचे शिरढोण हे फडक्यांचे जन्मगाव. तेव्हा शाळकरी मुलांना येथे आणणाऱ्या शिक्षकाला इतिहास आणि निसर्ग असे दोन्ही धडे एकाच वाटेवर देता येतात. हिवाळ्यात सहलींचा हंगाम सुरू झाला की शाळांच्या बसगाड्या येथे येतात, मुले ‘हरियाल’ किंवा ‘मोरटाका’ या निसर्गमार्गाने फिरून येतात, डबे खातात आणि परत जातात.

हे सर्व चांगलेच आहे. प्रश्न एवढाच की या बसगाड्या कोणत्या शाळांच्या असतात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे येथील भरपूर शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळांची मुले ‘निसर्ग शिबिर’ या नावाखाली येतात. निसर्ग शिक्षणाचे कार्यक्रम आखून देणाऱ्या संस्था आणि व्यावसायिक मंडळीही आता पुष्कळ झाली आहेत. त्यांचे दर ज्या पालकांना परवडतात त्यांच्या मुलांना दुर्बीण, टोपी आणि प्रमाणपत्र मिळते. उल्हासनगर महापालिकेच्या शाळेतील मुलगी मात्र या रांगेत क्वचितच दिसते. अंबरनाथ आणि बदलापूर येथील नगरपालिकांच्या शाळांची गोष्ट याहून वेगळी नाही. बदलापूरहून कर्नाळा दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. तेवढे अंतर कापावयास लागणारे बसभाडे कोणी द्यावयाचे, यावर सगळे अडते.

या तीन शहरांची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या अडण्याचे गांभीर्य कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. वस्त्यांना आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हटले जाते. सुमारे तेरा चौरस किलोमीटरांच्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जवळजवळ चाळीस हजार. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांच्या पुढे होती आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात. गेल्या पंधरा वर्षांत मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी बदलापुरात जी धाव घेतली ती पाहता आजचा आकडा याहून कितीतरी मोठा असणार. आईबाप पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मूल शाळा, शिकवणी आणि दोन खोल्या यांच्यात वाढते. झाडाखाली अर्धा तास बसण्याची जागा त्याला शोधावी लागते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९९१ साली महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. तो पुरेसा पाळला जात नाही असे दिसून आल्यावर २००३ साली पुन्हा निर्देश द्यावे लागले. विषय अभ्यासक्रमात आला. पुस्तके छापली गेली, प्रकल्पवह्या आल्या, त्या वह्यांत चिकटविण्यासाठी चित्रांचे तयार कागद वाण्याच्या दुकानातही मिळू लागले. विषय सक्तीचा झाला आणि त्याचा अनुभव मात्र ऐच्छिक राहिला. ज्याच्या खिशात पैसे त्याला जंगल, बाकीच्यांना जंगलाचे चित्र. शिक्षणातील विषमतेची चर्चा नेहमी इंग्रजी माध्यम, शुल्क आणि शिकवण्या यांच्याभोवती फिरते. पाखरे पाहावयास मिळणे किंवा न मिळणे हेही त्याच विषमतेचे एक अंग आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे एक मूलभूत गल्लत झालेली आहे. अभयारण्यातील शैक्षणिक कार्यक्रम ही ग्राहकाने विकत घ्यावयाची वस्तू आहे असे धरून चालले जाते. वस्तुतः तिचा लाभ त्या एका मुलापुरता राहत नाही. नदी, हवा, डोंगर यांची जाण असलेले नागरिक तयार होणे हा सगळ्या समाजाचा लाभ आहे, आणि ज्या गोष्टीचा लाभ सगळ्यांना होतो तिचा खर्च एकेका पालकाच्या ऐपतीवर सोडला तर ती आवश्यकतेपेक्षा नेहमीच कमी प्रमाणात निर्माण होते. हा सिद्धान्त बी. ए. च्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातला आहे. रस्त्यावरील दिव्यांसाठी आपण घरोघर वर्गणी मागत नाही. मग निसर्ग शिक्षणासाठी का मागावी?

या मागणीला पहिला विरोध परक्या गोटातून येत नाही, तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. ज्या शाळेत पंखे चालत नाहीत, शौचालयाला पाणी नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे पक्षिनिरीक्षणाचे कौतुक कशाला? ही रिकाम्या वेळेची चैन आहे, असे म्हणणारा कार्यकर्ता अप्रामाणिक नसतो. तो रोज त्या शाळेच्या दाराशी उभा असतो. पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सौंदर्य आणि कुतूहल ही श्रीमंतांची मिरास आहे, गरिबाने आधी पोटाचे पाहावे. कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस मागितला तो केवळ विश्रांतीसाठी मागितला नव्हता. आपल्या वेळेचा मालक आपण असावे आणि त्या वेळेत माणसाने माणसासारखे काही पाहावे, वाचावे, ऐकावे, हा त्या मागणीचा गाभा होता. शौचालयाला पाणी हवेच. त्याच्या बदल्यात तिबोटी खंड्या सोडून द्यावा, असा सौदा महापालिकेच्या शाळेतील मुलांच्याच वाट्याला का यावा, याचे उत्तर या कार्यकर्त्याला द्यावे लागेल. खाजगी शाळेतील मुलाला अशी निवड कोणी करावयास लावत नाही.

आणि ज्यांना ही चैन वाटते त्यांनी सलीम अली यांचे उदाहरण आठवावे. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात ते मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरीस लागले होते. दालनांतून लोकांना हिंडवावे आणि समजावून सांगावे, हे त्यांचे काम. दोन वर्षांनी ते अभ्यासासाठी बर्लिनला गेले आणि १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली. बेकार सलीम अली किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण करीत बसले. त्या निरीक्षणांतून निघालेल्या निबंधाने त्यांचे नाव झाले. बेकारीतून विज्ञान निघाले ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण खर्च वाचवावयाचा झाला की पहिली कुऱ्हाड लोकांना शिकविणाऱ्याच्या जागेवर पडते, हा त्या कथेतला दुसरा धडा आहे; तो कोणी सांगत नाही. आजही निसर्गमार्गांवर मुलांना घेऊन फिरणारे तरुण पुष्कळ ठिकाणी रोजंदारीवर किंवा हंगामी कंत्राटावर काम करतात. दरवर्षी नवा माणूस, दरवर्षी तीच पाठ केलेली दहा वाक्ये.

कार्यक्रम कसा असावा याबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण नुसती बस मिळाली म्हणजे शिक्षण झाले असे नाही. दीडशे मुलांचा थवा शिट्ट्या फुंकीत जंगलात घातला तर पाखरांना त्रास आणि मुलांना थकवा, याखेरीज काही साधत नाही. एका मार्गदर्शकामागे वीस-पंचवीस मुले, सकाळची वेळ, हातात छापील तक्त्याऐवजी कोरी वही, आणि एखाद्या उंबराखाली अर्धा तास स्वस्थ बसणे, एवढे पुरते. फळलेल्या उंबरावर कोण येते, कोण निघून जाते, कोण कोणाला हुसकावते हे मूल स्वतः पाहील. हरियाल हा आपला राज्यपक्षी आहे ही माहिती परीक्षेपुरती टिकते. पानांच्या हिरव्यात हरवलेला हरियाल स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढला की तो विसरत नाही. जाण्यापूर्वी वर्गात एक तास आणि आल्यानंतर एक तास, हेही कार्यक्रमाचेच भाग मानले पाहिजेत. नाहीतर शिक्षक त्या दिवशी डबे मोजणारा आणि हजेरी घेणारा एवढाच राहतो.

शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, कारण तेव्हा रस्ते कोरडे आणि परीक्षा दूर असतात. हिवाळी पाहुणे पक्षी तेव्हा दिसतात, हे खरे. परंतु कर्नाळ्याचे खरे नवल असलेला तिबोटी खंड्या हा पावसाळ्याचा पक्षी. मृगाच्या सरींबरोबर तो येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ कोरून घरटे करतो आणि पिलांना बेडूक, खेकडे, सापसुरळ्या भरवितो. रायगड जिल्ह्याने त्याला आपला मानाचा पक्षी म्हणून निवडले आहे. जुलैच्या एका उघडिपीत पाचवी-सहावीच्या मुलांना तो दाखविता आला तर कोकणातला पाऊस म्हणजे केवळ लोकल बंद पडण्याचे निमित्त नव्हे, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

मात्र अभयारण्यात जे शिकविले जाते ते अनेकदा अर्धवट असते, आणि हा दोष पैशाने दूर होणारा नाही. झाडे लावा, प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा: सगळा उपदेश मुलाला एकट्याला उद्देशून. कॅम्प पाचमधील दोन खोल्यांच्या घरात, जेथे नळाला तासभर पाणी येते, तेथील मुलीला पाणी जपून वापरावयास शिकविणे ही थट्टा झाली. तिने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तिच्या घराजवळूनच वाहतो. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून जाते आणि कल्याणपाशी उल्हासला मिळते. मंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या कारागिरांनी जिच्या काठी हे शिल्प उभारले ती नदी शतकानुशतके नदी राहिली आणि औद्योगिकीकरणाच्या काही दशकांत गटार झाली. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात तिच्या पात्रात टँकरमधून रसायने ओतली गेली तेव्हा विषारी वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादात दाद मागितली, २०१५ साली लवादाने सांडपाणी केंद्रे आणि स्थानिक संस्था यांना जबाबदार धरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा सगळा इतिहास मुलांच्या दप्तरात असावयास हवा.

काकोळ्यापासून कल्याणपर्यंतचा हा धडा शिकविण्यास बस लागत नाही. शिक्षकाने वर्ग घेऊन चालावे, उगमाजवळचे पाणी आणि कॅम्पातले पाणी दोन बाटल्यांत भरावे आणि मधल्या अंतरात काय घडले ते मुलांना शोधावयास सांगावे. नफा कारखान्याच्या आत राहिला आणि घाण पात्रात आली, हे अर्थशास्त्र सहावीच्या मुलालाही कळते. जीन्स धुण्याचे कारखाने बंद करण्याची वेळ आली तेव्हा त्यांत राबणाऱ्या मजुरांचे काय झाले, हेही त्याने विचारावे. प्रदूषण थांबविण्याची किंमत पुन्हा मजुरानेच मोजावी काय, हा प्रश्न सोपा नाही आणि तो मुलांपासून लपवू नये. उल्हास कधी खवळते आणि का खवळते, हेही येथेच शिकावयाचे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, ही आठवण बदलापूरच्या घराघरांत ताजी आहे.

पण येथे एक धोका आहे. बस लागत नाही हे ऐकताच पालिकेचा लेखापाल आनंदित होईल आणि म्हणेल, मग झाले तर. आपल्या मुलांना वालधुनी पुरे. खाजगी शाळेच्या मुलाला तिबोटी खंड्या आणि पालिकेच्या मुलाला गटार, अशी वाटणी पर्यावरण शिक्षणाच्या नावाने होता कामा नये. स्वच्छ ओढा कधी पाहिलाच नाही, त्याला घाणेरडा ओढा हीच नदीची स्वाभाविक अवस्था वाटू लागते. उलट केवळ कर्नाळा पाहिलेल्याला निसर्ग ही शनिवारी तिकीट काढून पाहावयाची गोष्ट वाटते. दोन्ही मुलांना दोन्ही ठिकाणी नेले पाहिजे, आणि शक्य तर एकाच बसने.

जंगल शिकविणार कोण, हा प्रश्न उरतोच. वनखात्याच्या फलकांवर प्राण्यांची नावे असतात, माणसांची नसतात. बदलापूर, कर्जत, मुरबाड या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ठाकर आणि कातकरी या जंगलाला जेवढे ओळखतात तेवढे पदवीधर मार्गदर्शक ओळखत नाही. कोणता कंद कधी खणावा, कोणत्या झाडाची साल कशाला, पहिल्या पावसानंतर कोणती भाजी कोठे उगवते, हे त्यांच्या घरातील दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असते. आश्रमशाळेत मात्र तिला या ज्ञानाचे गुण मिळत नाहीत. शहरातील मुलांना ‘जंगलतोड आदिवासी करतात’ हे वाक्य आजही कोठे कोठे ऐकावयास मिळते. या तीन शहरांना आणि त्यांच्या कारखान्यांना पाणी पुरविणाऱ्या बारवी धरणाखाली आणि त्याच्या वाढविलेल्या उंचीखाली कोणाची घरे व शेते गेली, पुनर्वसनासाठी त्यांना किती वर्षे झगडावे लागले, हे त्याच मुलांना कोणी सांगत नाही.

ठाणे जिल्ह्याला (आज पालघर वेगळा झाला तरी) या बाबतीत बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती ‘कुरणशाळा’. पाने, बिया, खडे, पाखरे हेच शैक्षणिक साहित्य. ताराबाईंनी मुलाला निसर्गापाशी नेण्यासाठी शुल्क आकारले नव्हते आणि आदिवासी मुलाला अज्ञ समजून सुरुवात केली नव्हती. आजच्या निसर्ग शिबिरांच्या रंगीत माहितीपत्रकांत ही परंपरा कोठेही दिसत नाही, ही आश्चर्याची गोष्ट नव्हे; पण आपल्या कार्यकर्त्यांनाही ती आठवू नये, हे खेदजनक आहे.

पालकांच्या मनातील भीतीचा उल्लेख टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. ज्या गावाने ते दिवस पाहिले तेथील आईने मुलीला दिवसभर दूरच्या जंगलात पाठविण्यास का-कू केली तर तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. सोबत पुरेशा शिक्षिका, प्रत्येक तुकडीबरोबर एक-दोन माता, वाहनचालकापासून मार्गदर्शकापर्यंत प्रत्येकाची पडताळणी, शौचालयाची सोय, काळोखापूर्वी परत: या गोष्टी कार्यक्रमाच्या खर्चातच धरल्या पाहिजेत. मुरुडच्या समुद्रात २०१६ साली विद्यार्थी बुडाले त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. परंतु नियमांचा कागद पुढे करून सहलच टाळण्याची सोयही त्यातून झाली. सुरक्षितता खर्चिक असते. तो खर्च करण्याऐवजी मुलीला घरी बसविणे स्वस्त पडते, एवढेच.

राहता राहिला पैशाचा हिशेब. शैक्षणिक सहलींना एसटी पन्नास टक्के सवलत देते, आणि विठ्ठलवाडीचे आगार उल्हासनगरच्या दारातच आहे. उरलेले निम्मे भाडे महापालिकेने आणि दोन्ही नगरपालिकांनी आपल्या शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावे. ‘इतर खर्च’ या सदरात ते ढकलले की मार्चअखेर परत जाते, हा अनुभव जुना आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा अभयारण्य आणि एकदा वालधुनी, एवढी मागणी पुरे. प्रवेशशुल्क पालिका शाळांना माफ करावे यासाठी वनखात्याकडे प्रस्ताव पालिकांनीच पाठवावयाचा आहे. मार्गदर्शकांची पदे कायम वेतनावर भरावीत आणि त्यांत अभयारण्याभोवतीच्या गावांतील व वाड्यांवरील तरुण-तरुणींना अग्रक्रम असावा. पदवीची अट त्यांच्या आड येत असेल तर ती अट बदलावी.

अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडली जातात, त्यांची जुळवाजुळव त्यापूर्वी दोन-तीन महिने चालते. निवेदन द्यावयाचे तर दिवाळीनंतर लगेच, आणि त्यावर शाळा व्यवस्थापन समित्यांतील पालकांच्या सह्या हव्यात. या समित्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेत स्थापन झालेल्या आहेत आणि त्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. तिन्ही शहरांतील किती समित्यांच्या बैठकांना आपले कार्यकर्ते पालक म्हणून हजर असतात, याची मोजणी शाखांनी याच महिन्यात करावी.